जावयावर दिलेला गोल

माझं माहेर देवासचं, सासर धारचं. मध्ये इंदूर. फार लांब नाही, बैलांच्या दमणीनं रमतगमत गेलं तरी मुक्काम करत पोचता येई. पण तो रस्ता मला एकदा वर्षाहून जास्त दिवस बंद होता, आणि त्याला कारण एक चामड्याचा चेंडू. आता कुणाला सांगितलं की हसतात. हसा बापडे. मला तेव्हा हसू येत नव्हतं.

माळव्यातल्या संस्थानांची त्या काळी फुटबॉलची लीग होती. लीग हा शब्द आमच्या चुलीपर्यंत पोचला होता, इतका त्याचा बोलबाला. थंडी पडली की सामने सुरू. धारचा एक संघ, देवासचे दोन, शिवाय आजूबाजूच्या दोनचार ठिकाणचे. देवासचे दोन का, तर देवास गाव एक आणि संस्थानं दोन. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी पाती. जिथे दरबार दोन, तिथे संघ एक कसा असेल?

आणि हे नुसतं हौसेचं काम नव्हतं. चांगला खेळणारा दिसला की संस्थान त्याला नोकरीत ठेवून घेई. काम खेळण्याचं, हुद्दा भलताच. आमचे हे धारचे गोलकीपर, आणि हुद्दा पागेतल्या कारकुनाचा. घोडा दिसला की हे चार हात लांबून जायचे. मी एकदा म्हटलंही, अहो, निदान घोड्याला तरी कळू द्या की तुम्ही त्याचे कारकून आहात. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझे वडील देवासच्या शाळेत मास्तर, आणि लीगचे पंच. देवासात थोरल्या पातीचा माणूस धाकटीला चालत नसे आणि धाकटीचा थोरलीला. माझे वडील दोघींना चालत. कारण एकच, आत गेला तर आत आणि बाहेर गेला तर बाहेर. समोर कोण उभा आहे हे ते बघायचेच नाहीत. ह्यांना त्यांनी माझ्यासाठी हेरलं तेही मैदानावरच. आईला घरी येऊन म्हणाले, धारचा तो गोलकीपर शिट्टी वाजली की वाद घालत नाही, मुलगा गुणी दिसतो. झालं. पत्रिका नंतर बघितली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या माघात धार आणि देवासच्या थोरल्या पातीचा शेवटचा सामना धारला होता. जो जिंकेल त्याचा कप. शिट्टी वाजवायला महूच्या छावणीतला एक गोरा यायचा होता, त्याला ताप आला. मग दोन्हीकडचे लोक माझ्या वडिलांवर राजी झाले. धारवाल्यांना वाटलं, आपले व्याही आहेत. देवासवाल्यांना वाटलं, आपल्या गावचे आहेत. प्रत्येकाला वाटलं की पंच आपल्याच खिशात आहे.

तेव्हा गोलाला जाळी नसे. दोन बल्ल्या, वर दोरी, खाली चुन्याच्या फक्कीची रेघ. सामना बरोबरीत चालला होता. शेवटाशेवटाला देवासच्या एकानं उंच चेंडू मारला, तो ह्यांनी छातीशी धरला आणि धरताना मागे रेघेकडे रेटले गेले. लगेच पुढे आले. मी बायकांच्या चिकाआड, बांबूच्या काड्यांच्या पडद्यामागे होते, मला काहीच दिसलं नाही. वडिलांची शिट्टी तेवढी ऐकली. त्यांनी गोल दिला. धारचा कप गेला.

धारमध्ये जे काही झालं ते विचारू नका. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची मर्जी सांभाळायची, पाय धुवायचे, अधिक महिन्यात वाण द्यायचं. आणि इथे सासरा भर मैदानात, हजार माणसांदेखत, जावयाविरुद्ध गोल देतो. लोकांना कप गेल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. पानाच्या दुकानावर लोक ह्यांना म्हणत, "क्यों भिया, ससुरजी ने मुँह-दिखाई में गोल दे दिया?" आणि आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, ते लीगचे धारकडचे कारभारी. माणूस वाईट नव्हे. रोज संध्याकाळी माझ्यासाठी आठवणीनं शिंगाडे आणणारा माणूस. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांनी वरपर्यंत तक्रार केली, ती फेटाळली गेली, तेव्हा घरी येऊन पगडी काढायच्या आधी म्हणाले, "व्याह्यांनी भर मैदानात दिलेला गोल भर मैदानात परत घ्यावा. चूक झाली म्हणावं. तोवर सून माहेरी जाणार नाही."

देवासहून उत्तर आलं एका ओळीचं. गोल होता.

आता जरा मागची गोष्ट सांगते, सामन्याच्या संध्याकाळची. ह्यांचे पाय खरचटले होते, मी कढत पाणी घालत होते. मान खाली घालून हे म्हणाले, "गोल होता." मी म्हटलं, मग सांगा ना मामंजींना. तर म्हणाले, "कसं सांगू? ते माझ्या बाजूनं साऱ्या देवासवाल्यांशी भांडून आलेत." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी उरलेलं पाणी त्यांच्या पायावर जरा जोरातच ओतलं.

असं वर्ष गेलं. राखीपौर्णिमेला भाऊ आला, ओसरीवर राखी बांधून घेऊन गेला. दिवाळी गेली, संक्रांत गेली. आणि मला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही काय मला सांगायची गोष्ट आहे? सातव्यात न्यायची रीत. आठवा लागला की बाईला गाव सोडू देत नाहीत, आणि नववा म्हणजे सगळा देवावर हवाला. आमच्या शेजारची माझ्याच वयाची मुलगी त्या हिवाळ्यात बाळंतपणात गेली. तिच्या सासूचं रडणं भिंतीपलीकडून ऐकू येई. मी भ्यायले होते. सरळ सांगते, मला आई हवी होती. सासूबाई माझं करत नव्हत्या असं नाही. वेणीफणी करायच्या, ओलं खोबरं खायला द्यायच्या. पण रात्री कूस बदलताना तोंडातून शब्द यायचा तो आईचाच.

त्याच साली लीगला दहावं वर्ष लागलं आणि उत्सव धारला करायचं ठरलं. रंगपंचमीचे रंग अजून भिंतींवर होते तोच मैदानावर मांडव पडला. आंब्याच्या डहाळ्यांच्या कमानी, दरबारचा बँड, थेट मनावर गावाकडून गाड्या भरभरून आलेली माणसं, खेळाडूंसाठी दाल-बाफल्यांच्या पंगती. सकाळी पहिल्या वर्षाचे जुने खेळाडू विरुद्ध नवे असा गमतीचा सामना, आणि मग दहा वर्षांत ज्यांनी ज्यांनी पंचाचं काम केलं त्या सगळ्यांना शेला-नारळ. देणार कोण? कारभारी. म्हणजे मामंजी. त्यात माझे वडील आलेच. मामंजींनी आमंत्रण पाठवलं, ते न पाठवून भागणार नव्हतं. मला सातवा संपत आला होता.

उत्सवाच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत वडील आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. मी बाहेर आले. वर्षभरात किती वाळले होते. आईनं हिरवी चोळी आणि चिंचेच्या गोळ्या पाठवल्या होत्या. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी हात जोडले. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपल्या लोकांची रीत. माळव्यातले लोक त्याच्याही पुढचे, ते मुलीच्या गावचंच पाणी घेत नाहीत. वडिलांनी इकडची ती रीतही उचलली होती. साडेबारा तलावांचं गाव म्हणतात धारला, पण माझ्या बापाला त्यातला थेंब चालत नसे. आदल्या दिवशी येताना शिवेबाहेरच्या विहिरीवर फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून आणला होता, तो धर्मशाळेत रात्रीच संपला होता.

सासूबाई आत गेल्या तसे हळूच म्हणाले, "बांधाबांध करून ठेव. उद्या पहाटे निघू."

"पण मामंजींची अट आहे बाबा."

"ती मी बघतो."

एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पायरी उतरले. माझे वडील कधी कुणाकडे न बघता बोलत नसत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते अट पुरी करायला आले होते. भर मैदानात उभं राहून, गोल नव्हता, माझी चूक झाली, असं म्हणायला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. उद्या आई दिसणार. आणि लगेच दुसरी बाजू दिसली. उभ्या जन्मात ज्यानं एक खोटी शिट्टी वाजवली नाही, तो माणूस माझ्यापायी साऱ्या माळव्यासमोर खोटं बोलणार होता. लोक म्हणणार, बघा, म्हातारा खोटाच होता, मागचे गोलही तपासा.

हे माजघरात पायाला पट्ट्या बांधत बसले होते. मी दारात उभी राहिले. एरवी मी तडतड बोलते, त्या दिवशी आवाजच चढेना.

"आज बाबा तुमच्यासमोर खोटं बोलणार आहेत," मी म्हटलं. "माझ्यासाठी. तुम्ही ऐकून घ्या हं शांतपणे. तुम्हाला सवय आहे."

ह्यांनी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली. उठून गेले.

मैदानावर बायकांच्या बाजूला चिकाआड मला पुढची जागा मिळाली, पोटुशी बाई म्हणून. सामना गमतीचा होता, पण ऊन गमतीचं नव्हतं. जुने खेळाडू म्हणजे पोटं सुटलेले लोक, धावायचे कमी आणि बसायचे जास्त. सगळ्यांत जास्त धावले ते पंच. वडिलांनाच शिट्टी दिली होती, जुने सगळे त्यांना मानत म्हणून. मध्ये विसाव्याला पाण्याच्या घागरी आल्या. बारीक, बुटके, लठ्ठ सगळे ओंजळी लावून प्यायले. वडील बाजूला लिंबाखाली उभे राहिले. एकानं आणून दिलेलं पाणीही त्यांनी नको म्हटलं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, काय हो तुमच्या वडिलांचा हट्ट. मी म्हटलं, हट्ट नव्हे, मी पोर आहे ना त्यांची.

सामना संपला. शेले द्यायला सुरुवात झाली. मामंजी एकेकाला "श्रीयुत" म्हणून हाक मारत होते. माझ्या वडिलांची पाळी आली तेव्हा म्हणाले, "देवासचे मास्तर." शेला खांद्यावर टाकला, पण नारळ हातातच धरून ठेवला. वडील वळून लोकांना म्हणाले, "मला दोन शब्द बोलायचे आहेत." धारच्या लोकांना कळलंच होतं काय येणार ते. काही जण तर पुढे सरकून बसले.

"गेल्या वर्षी," वडील म्हणाले, "शेवटच्या सामन्यात मी जो गोल दिला..."

आणि त्यांचा आवाज थांबला. घसा नुसता कोरडा पडला होता. रात्रीपासून पाणी नाही, वर ते ऊन आणि ती धावपळ. त्यांनी खाकरून बघितलं. ओठ हलले, शब्द येईना. कुणीतरी फुलपात्रात पाणी घेऊन धावला. वडिलांनी मान हलवली. त्यानं पुन्हा पुढे केलं. वडिलांनी हातानंच बाजूला सारलं आणि पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, तर नुसता खरखर आवाज. लोक चुळबुळायला लागले. मी इकडे चिकाच्या काड्या धरून उभी. मनात म्हणत होते, बोला बाबा, आणि त्याच श्वासाला, नका बोलू.

तेवढ्यात खेळाडूंच्या रांगेतून हे उठले. ज्यांना घरात मीठ मागायचं तरी दोनदा घसा साफ करावा लागे, ते मोठ्यानं म्हणाले, "गोल होता."

मामंजी म्हणाले, "खाली बैस."

"गोल होता," हे पुन्हा म्हणाले. "चेंडू माझ्या हातात होता आणि मी रेघेच्या आत होतो. मला ठाऊक होतं. पंचांनी बरोबर दिला."

मामंजींच्या हातात नारळ तसाच. वडील ह्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. काय होणार होतं देव जाणे. पण बँडच्या मुख्याला वाटलं की भाषणं संपली, त्यानं हात वर केला आणि सगळा बँड एकदम वाजायला लागला. त्या गोंगाटात देवासच्या दोन्ही पात्या मिळून टाळ्या वाजवत होत्या, हे मी जन्मात एकदाच पाहिलं. मामंजींनी नारळ वडिलांच्या हातात दिला. दिला कसला, ठेवला. पण दिला.

घरी आल्यावर मामंजी बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले. झोपाळा हलत नव्हता. सासूबाईंनी तीनदा गूळपाणी ठेवलं, तीनदा उचललं. हे अंगणात कडुलिंबापाशी उभे, आत यायची छाती नाही. शेवटी मामंजी सासूबाईंना म्हणाले, "निकाल भर मैदानात लागायचा होता, तो लागला. सुनेची ओटी भरा. दमणी पहाटे जोडायला सांगा." मी नमस्काराला वाकले तर वाकू दिलं नाही, या अवस्थेत वाकू नये म्हणाले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "मी त्या पोरासाठी वर्षभर भांडलो." त्यांचा आवाज इतका दुखावलेला होता की मला त्यांचा राग धरताच आला नाही. आजही येत नाही.

ह्यांना पुढच्या हिवाळ्यात गोलात उभं केलं नाही. पागेची नोकरी राहिली, तेव्हा मग घोड्यांची सवय करावीच लागली. एकानं पहिल्याच आठवड्यात लाथ मारली. तीही ह्यांनी वाद न घालता सोसली.

तर उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. सासूबाईंनी माझ्याखाली दोन गाद्या घातल्या होत्या, गाडीवानाला दहादा बजावलं होतं, धीरे हाँकना. हे वेशीपर्यंत गाडीमागून चालत आले. वडील गाडीवानाशेजारी बसले होते, शेला घडी घालून मांडीवर. ओठ फुटलेले, आदल्या सांजेला विहिरीपर्यंत चालत जायचंही त्राण उरलं नव्हतं. ऊन चढलं तरी बोलणं नाही. धारची शीव ओलांडली तसा गाडीवानानं विहिरीपाशी गाडी आपणहून थांबवली आणि म्हणाला, "मास्टरसाब, अब तो पी लो. धार पीछे रह गई."

वडील उतरले. गाडीवान पोहरा काढून ओतत होता आणि ते ओंजळ लावून पीत होते. किती प्यायले, सदऱ्याच्या बाह्या भिजल्या, दाढीवरून पाणी गळत होतं. मी गाडीतून बघत बसले. एक माणूस नुसतं पाणी पितो आहे हे बघून एवढं रडू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

थोडे थांबले तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच म्हणणार होतात? गोल नव्हता म्हणून?"

"म्हणणार होतो."

"आणि मग तुमच्या शिट्टीचं काय?"

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. मला वाटलं रागावतील. पण शाळेतल्या पोराला सोपं गणित समजावावं तसं म्हणाले, "अगं, मी नव्हता म्हटलं म्हणून तो चेंडू काही रेघेच्या बाहेर आला नसता. तू आली असतीस."

आणि गाडीवानाला म्हणाले, "और थोडा डालो भिया," आणि पुन्हा ओंजळ धरली.